टीई एक्सटीसी, एक सुटलेली केटी आणि इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू

गेल्या आठवड्यात कॉलेजमधल्या एका ज्युनियरचा मेसेज आला, "ताई, इंटर्नशिपची ओए म्हणजे नक्की काय असतं, त्यात कॅमेरा चालू ठेवायला लागतो का?" मागच्या जुलैत हाच प्रश्न मला पडला होता आणि वर्गात सगळ्यांना माहीत असणार असं वाटून मी तो कोणालाच विचारला नव्हता. त्याला उत्तर लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकते, अजून कोणाला तरी कामी येईल.

आधी माझं सांगते म्हणजे अंदाज येईल. राहायला कळव्याला, कॉलेज नेरूळच्या बाजूला, ब्रांच एक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), पॉइंटर दहापैकी साडेसातच्या आसपास, एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षी, मॅथ्समध्ये एक केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता, ती पुढच्या अटेम्प्टला सुटली. कोडिंग काँटेस्ट वगैरे कधी केल्या नव्हत्या. घरात इंजिनियर कोणी नाही, पप्पा रबाळे एमआयडीसीत फिटर आणि आई घरून डबे देते. त्यामुळे फर्स्ट इयरपासून तयारी करणाऱ्यांची गोष्ट वाचायची असेल तर ती ही नाही.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे वेळापत्रक. मोठ्या कंपन्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी आदल्या पावसाळ्यातच मुलं घेतात. म्हणजे मे २०२५ ला जॉइन व्हायचं असेल तर टेस्ट आणि इंटरव्ह्यू जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये, टीई, म्हणजे तिसरं वर्ष, सुरू होऊन पंधरा दिवस झालेले असताना. मी आपली समजत होते की मार्च-एप्रिलमध्ये अर्ज करायचे, आरामात. आमच्या टीपीओ सरांचं (कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघतात ते) पहिलं सेशन ८ जुलैला होतं. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, त्या पहाटे मुंबईत सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि सकाळी लोकल ठप्प. मी कळवा स्टेशनवर दीड तास उभी राहून घरी परत आले. सेशन दोन दिवसांनी झालं आणि सरांनी सांगितलं, "रेझ्युमे शुक्रवारपर्यंत द्या." माझ्याकडे रेझ्युमे नव्हताच.

तो दोन रात्रींत बनवला. एक पान, एकच कॉलम, फोटो नाही, ते टक्केवारीचे रंगीत पट्टे नाहीत ('सी लँग्वेज ८०%' म्हणजे नक्की काय हे मला अजून कळलेलं नाही). दोन कॉलमवाला सुंदर टेम्प्लेट मी आधी घेतला होता पण कंपन्यांच्या पोर्टलवर अपलोड केला की त्यातली माहिती आपोआप भरताना शिक्षणाच्या जागी छंद आणि छंदांच्या जागी फोन नंबर यायला लागला, म्हणून सोडला. प्रोजेक्ट दोनच होते, त्यातला एक व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायची भाषा) केलेला यूएआरटी, म्हणजे एकेक बिट करून डेटा पाठवणारं-घेणारं सर्किट, जो खरं तर एसईच्या मिनी प्रोजेक्टसाठी कसाबसा संपवला होता. एक सांगते, जे लिहाल त्यातली प्रत्येक ओळ विचारली जाते. मी 'पायथॉन' लिहिलं होतं, सीनियर ताईने तिथल्या तिथे दोन प्रश्न विचारले, मी पायथॉन खोडलं.

मग फॉर्म. कॉलेजच्या फॉर्ममध्ये आणि कंपन्यांच्या फॉर्ममध्ये केटीबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि ते नीट वाचा. 'ॲक्टिव्ह बॅकलॉग' म्हणजे आत्ता शिल्लक असलेली, 'बॅकलॉग हिस्टरी' म्हणजे कधीही लागलेली. माझं पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक. दुसऱ्या प्रश्नापायी दोन कंपन्यांमध्ये मी टेस्टलाच बसू शकले नाही, वाईट वाटलं, पण खोटं लिहायचा विचारही करू नका कारण नंतर सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट तपासतात. पॉइंटरचे टक्के करायचे असतील तर मनाने दहाने गुणू नका, ऑफिसमधून जो फॉर्म्युला देतात तोच वापरा आणि त्याचा कागद जवळ ठेवा. आणि पोर्टलवर ब्रांचच्या ड्रॉपडाउनमध्ये एक्सटीसी नावाची गोष्टच सापडत नाही, 'इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन' निवडायचं.

२७ जुलै, शनिवार, पहिली ओए. ओए म्हणजे ऑनलाइन असेसमेंट, आणि हो, कॅमेरा चालू असतो. आमची कॉलेजच्या लॅबमध्येच झाली, नव्वद मिनिटं, दोन कोडिंगचे प्रश्न आणि वीस एमसीक्यू. टॅब बदलला की नोंद होते, कॉपी-पेस्ट बंद. पहिला प्रश्न सुटला, दुसऱ्याला साधं दोन लूपवालं उत्तर लिहिलं, त्यात पंधरापैकी नऊ टेस्ट केस पास झाल्या आणि बाकीच्यांना वेळ संपला. मला वाटलं पंधरापैकी नऊ म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास! शॉर्टलिस्टमध्ये नाव नव्हतं. 'नाही' असा मेलसुद्धा आला नाही, यादी लागली आणि आपण त्यात नाही एवढंच. पोर्टलवर त्या अर्जापुढे आजही 'विचाराधीन' लिहिलेलं आहे.

ऑगस्टमध्ये एका सीनियर ताईने तिच्या कंपनीत रेफरल दिला, म्हणजे आतून माझं नाव सुचवलं. मोठी सॉफ्टवेअर कंपनी, नाव घेत नाही. रेफरलबद्दल लोकांना वाटतं की वशिला, तसं काही नसतं, फक्त तुमचा रेझ्युमे कोणीतरी उघडून बघायची शक्यता वाढते. मात्र बऱ्याच ठिकाणी आपण आधी स्वतः अर्ज केला असेल तर नंतरचा रेफरल चिकटत नाही, म्हणून आधी विचारा, मग अर्ज करा. टेस्टची लिंक १४ ऑगस्टला आली, पाच दिवस चालणारी. मी चौथ्या दिवशी रात्री दिली कारण तोपर्यंत रोज वाटत होतं अजून एक दिवस तयारी करू. त्या चार दिवसांत तयारी कमी आणि धाकधूकच जास्त झाली. पुढे इंटरव्ह्यूची वेळ निवडायच्या पानावर सकाळचे नऊ दिसत होते, मी खूश, आणि मग खाली बारीक अक्षरात पॅसिफिक टाइम. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ! पानावर कोपऱ्यात टाइम झोन बदलायची सोय असते, ती आधी बघा.

३० ऑगस्ट, शुक्रवार, इंटरव्ह्यू. पंचेचाळीस मिनिटं. प्रश्न असा की एका शब्दमालिकेत एकही अक्षर पुन्हा न येणारा सगळ्यात लांब तुकडा शोधायचा. हा प्रश्न मी केलेला होता! दोन बोटं ठेवायची, उजवं पुढे सरकवत न्यायचं, अक्षर रिपीट झालं की डावं पुढे आणायचं. मी मान डोलावली आणि लिहायला लागले. कोड रन करायची सोय नव्हती, नुसतं शेअर केलेलं डॉक्युमेंट. पाच-सात मिनिटांनी समोरचे सर म्हणाले, तुझ्या डोक्यात काय चाललंय ते सांगत राहशील का? मी म्हटलं, "वन मिनिट सर." अजून थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, अडकली आहेस का, हिंट देऊ? मी म्हटलं, "नो सर," आणि लिहीत राहिले. अठराव्या मिनिटाला कोड पूर्ण, बरोबर. नंतर घरी रन करून पाहिला, पहिल्याच फटक्यात चालला.

४ सप्टेंबरला मेल आला, नाही.

मी दोन वेळा वाचला. कोड बरोबर, मग नाही का? रिक्रूटर मॅडमना मेल करून विचारलं (विचारायला काही जात नाही, बरेचदा उत्तर येत नाही, मला आलं) तर त्यांनी एका ओळीत लिहिलं की टेक्निकल ठीक, कम्युनिकेशनमध्ये कमी पडलं. झालं, मी ठरवलं की माझं इंग्लिश खराब. मराठी मीडियम, हे होणारच होतं. रात्री रडून झालं, पप्पांनी काही न विचारता जांभळी नाक्यावरून येताना आणलेली जिलबी समोर ठेवली, तीही रडत रडत खाल्ली.

रेफरल देणाऱ्या ताईला फोन केला तर ती वैतागली. म्हणाली, "इंग्लिशचा काय संबंध, अठरा मिनिटं तू बोललीसच नाहीस, त्या माणसाने फॉर्मवर लिहायचं काय? त्याला तुझा विचार दिसलाच नाही, फक्त उत्तर दिसलं, आणि उत्तर तर पाठही असू शकतं." असू शकतं काय, होतंच की थोडंफार.

मग मला एक गोष्ट कळली जी कुठल्या तयारीच्या व्हिडिओत मी ऐकली नव्हती, म्हणजे ऐकली होती, 'थिंक अलाउड' सगळेच सांगतात, पण ते मला का जमत नाही हे कळलं नव्हतं. आपल्याला व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, सवय असते. एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर) येत असेल तर बोलायचं, नसेल तर खाली बघायचं. अर्धवट बोललं की तो तिथेच पकडतो आणि खोल खोल नेतो, जर्नल बाजूला राहतं, म्हणून अर्धवट माहीत असेल तर गप्प बसणं हा शहाणपणा, असं चार सेमिस्टर अंगात मुरलेलं. आणि इथे नेमकं उलटं, ते तुम्हाला अर्धवट असतानाच बघायला बसलेले असतात. ही सवय 'उद्यापासून बोलते' म्हणून सुटत नाही. मी आरशासमोर प्रयत्न केला, स्वतःचीच लाज वाटून दोन मिनिटांत बंद केला.

दरम्यान २४ ऑगस्टला कॉलेजमध्ये एका चिप बनवणाऱ्या कंपनीची टेस्ट झाली होती. ॲप्टिट्यूड, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि सी. ती मला कोडिंगवाल्यांपेक्षा बरी गेली, आमच्याच सिलॅबसमधली. ५ सप्टेंबरला शॉर्टलिस्ट आली, त्यात नाव, आणि इंटरव्ह्यू १० सप्टेंबर. कॅलेंडर बघा, ७ ला गणपती. १० ला गौरी यायच्या.

सॉफ्टवेअरचा अनुभव ताजा होता, म्हणून ठरवलं की जे वाचीन ते कोणाला तरी बोलून दाखवीन. घरात ऐकायला रिकामं कोणी नव्हतं, आई डब्यांसाठी गवार निवडत बसली होती, म्हटलं तूच ऐक. ती म्हणाली, "सांग, पण कळलं नाही तर मी उगाच हूं म्हणणार नाही." आणि खरंच म्हणायची नाही. आईला सेटअप टाइम (चिपमधल्या क्लॉकच्या ठोक्याआधी डेटा किती वेळ स्थिर हवा ते) सांगताना पहिल्यांदा मला स्वतःला तो कळला. ट्रेन यायच्या आधी प्लॅटफॉर्मवर पोचून नीट उभं राहायचं ते सेटअप, चढल्यावर दांडा लगेच सोडायचा नाही ते होल्ड, म्हणजे ठोक्यानंतरही डेटा थोडा वेळ तसाच ठेवायचा. क्लॉक स्लो केला म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर वाढवलं, त्याचा फायदा उशिरा पोचणाऱ्याला होतो, दांडा लगेच सोडणाऱ्याला काही फायदा नाही. म्हणजे फ्रिक्वेन्सी कमी करून सेटअप व्हायोलेशन सुटतं, होल्ड सुटत नाही. हे वाक्य मी तीन वेळा घोकलं होतं, का ते आज कळलं.

मग फिफो. चिपच्या आत एक बाजू पटापट डेटा टाकते, दुसरी बाजू हळू काढते, मधे तो साठवायला जागा लागते, ती केवढी ठेवायची हा इंटरव्ह्यूमधला पेटंट प्रश्न. मी आईला म्हटलं, समज नळ जोरात येतोय आणि आपण हळूहळू वापरतोय, तर पिंप केवढं घ्यायचं?

आईने गवारीवरची नजर न काढता विचारलं, "पाणी किती वेळ येतं?"

मी थांबलेच. कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. नळ जन्मभर चालू राहिला तर कुठलंच पिंप पुरणार नाही. सकाळी दीड तास येतं म्हणून पिंपाला माप आहे. फॉर्म्युल्यात त्याला बर्स्ट लेंथ म्हणतात आणि मी सरळ आकडे घालून मोकळी होत होते, तो आकडा दिलेला नसला तर काय हे डोक्यात आलं नव्हतं.

१० तारखेला घरी बसून इंटरव्ह्यू देणं अशक्य होतं. वन रूम किचन, गणपती, गौरींची तयारी, काकू आणि तिच्या दोन मुली, आणि खाली मंडळाचा स्पीकर. मंडळातल्या दादांना सांगितलं असतं तर त्यांनी आवाज कमी केला असता, पण आरत्यांचं काय करणार. ऐरोलीला मैत्रिणीच्या घरी गेले, त्यांच्याकडे दीड दिवसाचा असतो, त्यामुळे घर शांत. आदल्या दिवशी जाऊन वायफाय आणि लाईट कुठून चांगला येतो ते बघून आले. तरी सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी लाईट गेलीच! लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकते हे मला माहीत होतं, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला (त्यासाठी आधीच वेगळं डेटा पॅक मारून ठेवलं होतं) आणि पहिलंच वाक्य सांगून टाकलं की इथे लाईट गेली आहे, मी कट झाले तर फोनवरून जॉइन होईन. ते म्हणाले काही हरकत नाही, व्हिडिओ बंद करून बोल. बारा मिनिटांत लाईट आली.

समोर दोघं. पंधरा मिनिटं नुसता यूएआरटी. बॉड रेट (सेकंदाला किती बिट) किती ठेवला? ९६००. रिसीव्हरला क्लॉक वेगळा असताना बिट नेमका कुठे वाचायचा? सोळा पट वेगाने सॅम्पल घेऊन मधोमध वाचायचा, हे मी सांगितलं, पण सोळाच का, यावर अडकले. गप्प बसायला तोंड मिटलंच होतं. मग म्हटलं, "मला नक्की माहीत नाही, पण मोठ्याने विचार करते." आणि केला. आठ घेतले तर मधला बिंदू शोधायला चूक जास्त होईल, बत्तीस घेतले तर क्लॉक जास्त वेगाचा लागेल, सोळा हा दोनाचा घात म्हणून काउंटर सोपा. बरोबर की चूक ते त्यांनी सांगितलं नाही, पण पुढे गेले. मग टू-टू-वन मक्स (दोनपैकी एक इनपुट निवडणारं सर्किट) वापरून एक्सऑर (दोन इनपुट वेगळे असतील तरच एक देणारं गेट) बनव. सिलेक्टला ए, एका इनपुटला बी, दुसऱ्याला बी चं उलट. मग सी मध्ये एका आकड्यात किती बिट एक आहेत ते मोज.

आणि मग फिफो! लिहिणारी बाजू ८० मेगाहर्ट्झ, वाचणारी ५० मेगाहर्ट्झ, डेप्थ, म्हणजे साठवायची जागा केवढी ते सांग. एवढंच, आणि थांबले.

मी विचारलं, "सर, पण डेटा एका वेळी किती येतो? बर्स्ट केवढा आहे?" तर जे दुसरे सर इतका वेळ कॅमेरा बंद करून बसले होते त्यांनी कॅमेरा चालू केला. म्हणाले, १२० घे. मग सोपं होतं. १२० शब्द ८० मेगाहर्ट्झने लिहायला दीड मायक्रोसेकंद, तेवढ्या वेळात ५० मेगाहर्ट्झने ७५ वाचून होतात, उरले ४५. तेवढं पिंप. पिंप शब्द तोंडातून खरंच निघाला, मग इंग्लिशमध्ये वॉटर ड्रमचं उदाहरण द्यायला लागलं, दोघंही हसले.

इंग्लिशचंही सांगते. माझं काही पंधरा दिवसांत सुधारलं नाही. 'सो', 'लाइक', 'मीन्स' यांचा मारा चालूच होता, मधे एकदा "थांबा सर" पण म्हणाले. कोणी काही बोललं नाही.

यानंतर दोन आठवडे काहीच नाही. या दोन आठवड्यांबद्दल कोणी लिहीत नाही. मेल रिफ्रेश करणं, स्पॅम बघणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी 'कोणाला आला का' विचारणं आणि कोणीच उत्तर न दिल्यावर सगळ्यांना आलाय आणि आपल्यालाच नाही असं वाटणं. मी शेवटी तो ग्रुप म्यूट केला आणि रखडलेली असाइनमेंट लिहायला घेतली, इंटरव्ह्यूच्या नादात तीन विषयांची अटेंडन्स पंचाहत्तरच्या खाली गेली होती, त्यासाठी डिफॉल्टर लिस्ट लागलीच.

२५ सप्टेंबरला शेवटचा राउंड, कंपनीचे लोक कॉलेजमध्ये आले. आम्ही नऊ जण, सकाळी दहाला बोलावलं, माझा नंबर दुपारी सव्वातीनला. जाताना डबा, पाणी आणि एक जाड स्वेटर न्या, प्लेसमेंट सेलच्या एसीत मी पाच तास कुडकुडले आणि फळ्यावर लिहिताना हात थरथरत होता तो भीतीने की थंडीने हे त्यांना कसं कळणार. फळ्यावर येणाऱ्या बिटांमधून १०११ हा पॅटर्न ओळखणारं स्टेट मशीन काढायचं होतं, ओव्हरलॅप धरून. शेवटच्या स्टेटवरून बाण मी परत सुरुवातीला नेला, मग बोलता बोलताच लक्षात आलं की शेवटचा एक हा पुढच्या पॅटर्नचा पहिला एक असू शकतो, तो बाण पुसला आणि मोठ्याने सांगितलं की मी आत्ता चूक केली होती, का केली होती. व्हायवात असं केलं असतं तर मेलेच असते. मग सी मधलं व्होलाटाईल कशाला वापरतात, दोन-तीन प्रश्न टायमिंगचे. त्यानंतर एचआर. बंगळूरला यायची तयारी आहे का, एखाद्या टीममेटशी वाद झाला तेव्हा काय केलंस असले. या प्रकारच्या प्रश्नांसाठी ॲमेझॉनची सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्स त्यांच्या साइटवर आहेत ती वाचून प्रत्येकाला आपल्या आयुष्यातला एक खराखुरा प्रसंग शोधून ठेवायचा, कंपनी कुठलीही असो. मी मिनी प्रोजेक्टच्या पार्टनरने कोड उडवला होता तो प्रसंग सांगितला, त्याचं नाव न घेता.

बाहेर पडले तर आभाळ फाटलेलं. ट्रान्स हार्बरने ठाण्याला पोचेपर्यंत सेंट्रलच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि ठाणे स्टेशनच्या पुलावर पाय ठेवायला जागा नाही. शेवटी बाहेर पडून खाडीपुलावरून कळव्याला चालत आले, फॉर्मल बूट हातात, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरी पोचायला साडेदहा. ओरिजिनल मार्कशीट कोरड्या राहिल्या यातच समाधान. दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर झाली, मी दुपारपर्यंत झोपले.

११ ऑक्टोबर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, टीपीओ सरांचा फोन. तिघांना घेतलं, त्यात मी. आईने पहिला प्रश्न विचारला, "राहायचं कुठे?"

इथे संपलं असं मला वाटलं होतं, पण कागदपत्रं अजून व्हायचीच होती. कंपनीतर्फे एक वेगळी एजन्सी पडताळणी करते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, मग आईचं. आधारवर नाव, वडिलांचं, आडनाव. एजन्सीला ही दोन माणसं वाटली. प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून. मी दसऱ्याच्या सुट्टीत 'बघू नंतर' केलं आणि २१ तारखेला कोर्टनाक्याला गेले, तर कळलं की १६ ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प पेपर बंद, आता पाचशेचाच. आळसाचे चारशे रुपये! वर टायपिंग आणि नोटरीचे दोनशे.

पॅनकार्ड नव्हतं. आधारवरून ई-पॅन फुकट आणि लगेच मिळतं, पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे. माझ्या आधारला पप्पांचं पाच वर्षांपूर्वी बंद झालेलं सिम जोडलेलं. मग पोस्टातलं आधार केंद्र, सकाळी टोकन, तेव्हाचे पन्नास रुपये, काही दिवस थांबा, आणि मग ई-पॅन दहा मिनिटांत. हे आधार-मोबाईलचं काम आजच करून टाका, इंटर्नशिप मिळो न मिळो. बँकेचं खातंही माझं आईबरोबर जॉइंट होतं, स्टायपेंडसाठी एकटीच्या नावाचं उघडायला लागलं.

ऑफर लेटर २२ नोव्हेंबरला आलं. जॉइनिंग १९ मे. आता सहाव्या सेमिस्टरची परीक्षा मेमध्ये असते आणि टाइमटेबल एप्रिलशिवाय लागत नाही. मी फेब्रुवारीतच एचआरना मेल टाकून ठेवला की तारीख पुढे न्यावी लागेल, टाइमटेबल आलं की पाठवते. एप्रिलमध्ये ते जोडून परत मेल, शेवटचा पेपर २८ मे, आणि त्यांनी एका दिवसात २ जून करून दिलं. मी उगाच दोन महिने घाबरत होते की ऑफरच काढून घेतील. कॉलेजच्या एनओसीला मात्र एका दिवसाचं काम असून अकरा दिवस लागले, कारण एचओडी मॅडमची सही झाल्याशिवाय अकाउंट्स शंभर रुपयांची पावती फाडेना आणि पावतीशिवाय मॅडम सही करेनात. शेवटी शिपाई काकांनीच दोन्हीकडे स्वतः नेऊन करून दिलं. त्यांना पेढे द्यायचे राहिलेत.

खर्च विचाराल तर कोर्सला एक रुपया घातला नाही, जे होतं ते फुकटचं वाचलं. शर्ट-पँट गोखले रोडवरून बाराशे, इयरफोन चारशे, डेटा पॅक, झेरॉक्स, स्टॅम्प पेपरचं ते सगळं धरून तीन हजारांच्या आत. मोठा खर्च नंतर आला, बंगळूरच्या पीजीचं डिपॉझिट, पहिला स्टायपेंड यायच्या आधीच द्यायला लागतं, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

आता इथे येऊन तीन आठवडे झाले. पडताळणी एजन्सीने प्रतिज्ञापत्र घेतलं, फाइल केलं, 'क्लिअर' लिहिलं, आणि कंपनीच्या सिस्टिममध्ये नाव मार्कशीटवरूनच भरलं. त्यामुळे आयडी कार्डवर, ईमेलवर आणि मीटिंगमध्ये माझं आडनाव हेच माझं नाव आहे, आणि सगळे अगदी प्रेमाने 'हाय' म्हणून पुढे आडनावाने हाक मारतात, जशी आमच्या शाळेत पीटीचे सर मारायचे. दुरुस्तीसाठी तिकीट टाकलंय. उत्तर आलं की ओळख पटवण्यासाठी मार्कशीट जोडा.